पैलवानाची पकड का सुटत होती: ओपन गार्डमधल्या ग्रिपचं एक प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा वर्ग भरतो. मागच्या वर्षी जूनमध्ये तिथं एक मुलगा आला. करवीर तालुक्यातल्या गावचा, वय 24, वजन 78 किलो, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशिनवर कामाला. लहानपणापासून लाल मातीत घुमलेला. गुडघा दुखावल्यामुळं मैदानातल्या कुस्त्या बंद झाल्या होत्या, अंगातली रग मात्र तशीच होती. त्याचं नाव इथं देत नाही. वर्गात पहिल्या दिवसापासून सगळे त्याला पैलवानच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

उभ्यानं त्याला कोणी हलवू शकत नव्हतं. ब्लू बेल्टवाल्या (नवख्यांच्या व्हाइट बेल्टच्या पुढच्या पट्ट्याच्या) पोरांनाही तो एकलंगीचा डाव काढून सहज खाली आणायचा. पण पाठीवर पडून गार्ड खेळायला सांगितलं की चित्र पालटायचं. दुसऱ्या मिनिटाला पकड सुटायची, तिसऱ्या मिनिटाला गार्ड पास व्हायचा आणि राउंड संपला की तो भिंतीला टेकून हात झटकत बसायचा. "हात भरून आलं, सर. बोटंच मिटंनात." ज्याच्या एका हाताच्या विळख्यातून तालमीतली पोरं सुटत नाहीत, त्याच्या मुठीतून आमची 58 किलोची कॉलेजची मुलगी बाही सोडवून निघून जायची. त्याला हे फार लागायचं. मलाही, कारण त्याचं उत्तर तब्बल महिनाभर माझ्याकडं नव्हतं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: गार्ड म्हणजे पाठीवर किंवा बुडावर असताना आपले पाय समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवून लढायची स्थिती. समोरचा पाय ओलांडून बाजूला आला आणि तीन सेकंद ताबा ठेवला तर त्याला पासचे 3 गुण. आपण खालून त्याला उलटवून वर आलो तर स्वीपचे 2 गुण आपल्याला. तो आपल्या पाठीवर स्वार होऊन दोन्ही पाय आत अडकवू शकला तर त्याला 4.

पाठीवर असण्याची भीती

कोल्हापुरात पाठ लागणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 साली तयार झालं. तेव्हापासून तिथं हजारो माणसांसमोर किती पैलवान चीत झाले असतील, आणि त्या प्रत्येकासाठी खांदे मातीला लागले त्या क्षणी कुस्ती संपलेली होती. इथला मुलगा चालायला लागल्यापासून हेच बघतो. जिउ-जित्सूची वाट वेगळी. जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि ग्रेसी भावांनी जमिनीवरची लढत वाढवत नेली. तिथं पाठ टेकल्यावर अर्धा खेळ सुरू होतो.

पैलवानाला हे डोक्यानं पटलं होतं. अंगाला पटलं नव्हतं, आणि पुढचं सगळं प्रकरण तिथूनच उलगडलं. पण मी ते आधी ओळखलं नाही.

माझं निदान चुकलं

मला वाटलं, अडचण कापडाची आहे. कुस्तीत अंगावर लंगोट. धरायचं ते मनगट, मान, मांडी, म्हणजे मांसाचं आणि हाडाचं. गीची, म्हणजे आमच्या जाड कापडाच्या पोशाखाची, बाही किंवा कॉलर धरताना सगळा ताण बोटांच्या पेरांवर येतो, आणि ही सवय त्याला नाही. म्हणून मी त्याला बोटांचा व्यायाम लावला: बारवर टॉवेल टाकून लोंबकळणं, तांदळाच्या बादलीत बोटं उघडणं-मिटणं, दोरावर चढणं. तालमीतला मुलगा, सांगितलं त्याच्या दुप्पट करणार. त्यात जुलैचा पाऊस. वर्गात वाळत घातलेल्या गी दोन-दोन दिवस ओल्याच. ओल्या जाड कापडावर घासून त्याच्या बोटांच्या कडांची सालं निघाली होती. तरी टेप लावून तो लोंबकळायचाच.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूनं दुखायला लागलं. मशिनवर जॉब आवळताना कळ यायची. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बोट मिटवणारी कंडरा (स्नायूची दोरी) हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर ताण आलाय, तीन आठवडे या बोटानं काही ओढायचं नाही. ज्याचं पोट हातावर आहे अशा माणसाला मी हे दुखणं दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक कुठं होती तेही सांगतो. बोटं जोरानं मिटवणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात, तिथून कंडरा बोटांपर्यंत जातात. मूठ घट्ट आवळून तशीच ठेवली की ते स्नायू आतल्या रक्तवाहिन्यांना दाबून टाकतात. रक्त फिरत नाही, आणि हात भरून येतो. कितीही ताकदवान माणूस असला तरी पूर्ण जोरानं सतत आवळलेली मूठ मिनिट-दोन मिनिटांच्या वर टिकत नाही. पैलवानाकडं ताकद कमी नव्हतीच. तो ती एक क्षणही सैल सोडत नव्हता. मी त्याला ज्याची गरज नव्हती तेच आणखी दिलं.

व्हिडिओत दिसलेले काही सेकंद

बोटाला विश्रांती होती तेवढ्यात मी त्याचे आधी मोबाइलवर घेतलेले राउंड पुन्हा बघितले. एक तुकडा मी इतक्यांदा बघितला की पाठ झाला.

पैलवान पाठीवर. दोन्ही हातांत समोरच्याच्या दोन्ही बाह्या, पेरं पांढरी पडलेली. पाय मात्र समोरच्याच्या मांड्यांना नुसते टेकलेले, त्यांत जीव नाही. समोरचा त्याच्या दोन्ही गुडघ्यांजवळ पँटचं कापड मुठीत घेतो. पैलवान तिकडं बघतही नाही, कारण बाह्या आपल्या हातात आहेत याचंच त्याला समाधान. समोरचा उभा राहून कंबर मागं नेतो. पैलवानाचे कोपर बरगड्यांपासून सुटतात, हात ताणून सरळ होतात. आता एका बाजूला अख्ख्या माणसाचं वजन आणि दुसऱ्या बाजूला आठ बोटं. उजवी बाही निसटते आणि हात झटक्यानं डोक्यामागं जातो. पैलवान तोच हात परत त्याच बाहीकडं फेकतो, त्यासाठी खांदे उचलतो. तेवढ्यात समोरचा त्याचे गुडघे एका बाजूला ढकलून दुसऱ्या बाजूनं आत.

आणि मग जे घडतं ते खास कोल्हापूरचं. खांदे टेकणार असं वाटताच पैलवान गर्रकन पालथा होतो. पासचे तीन सेकंद पुरे व्हायच्या आत पालथा झाल्यामुळं ते 3 गुण वाचतात, आणि उघड्या पाठीवर समोरचा स्वार होऊन 4 घेतो.

यात बोटं अगदी शेवटी हरली. त्याआधी पाय झोपलेले होते, समोरच्याची पकड तशीच राहू दिली होती, कोपर सुटले होते. हे तिन्ही होऊन गेल्यावर जगातली कोणतीही मूठ ती बाही धरून ठेवू शकली नसती.

गंगावेशीतला दुधाचा पेला

त्याच आठवड्यात तो मला त्याच्या तालमीत घेऊन गेला. बोट दुखत असल्यामुळं लढत करायची नव्हती, नुसती खडाखडी, म्हणजे उभ्यानं हात-मान धरण्याची झटापट. मी आखाड्याच्या कट्ट्यावर बसून फक्त हात बघत होतो.

तिथं तो वेगळाच माणूस होता. जोडीदाराचा हात मानेवर पडला की त्याचा भार बसायच्या आत तो बाजूला सारलेला. मनगट पकडलं गेलं की लगेच फिरवून सोडवलेलं. आणि स्वतःची पकड तो दोन श्वासांच्या वर कुठंच ठेवत नव्हता. मनगट धरलं, दस्ती खेचली (समोरच्याचा हात आडवा ओढायचा डाव), सोडलं, तोवर दुसरा हात मानेवर, मग दंडावर. हात ओढायच्या आधी पाय पुढं सरकलेला असायचाच. कोपर बरगडीला चिकटलेले. जे मी त्याला महिनाभर शिकवू बघत होतो ते सगळं त्याच्यात आधीच होतं.

तालमीतून निघाल्यावर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध घ्यायला थांबलो. मी विचारलं, "खडाखडीत मनगट किती वेळ धरून ठेवतोस रे?"

"धरून कशाला ठेवायचं, सर? काम झालं की सोडायचं. न्हाईतर तेच्या हातात आपलाच हात गावतोय की."

"मग खाली असताना बाही का धरून बसतोस?"

तो गप्प झाला. पेला हातात तसाच. मग म्हणाला, "खाली हाय म्हटल्यावर सोडलं की गेलो, असं वाटतंय."

मला तिथं उत्तर मिळालं. उभा असताना तो पकडीनं लढत होता, पाठीवर पडल्यावर तीच पकड त्याला आधार वाटत होती. बुडणारा माणूस दोर धरतो तशी तो बाही धरत होता.

हाताशिवायचे तीन आठवडे

डॉक्टरांनी हात बंद केले ते एका अर्थानं बरंच झालं. मी त्याला दोन्ही हात स्वतःच्या बेल्टमध्ये खोचायला लावले आणि नुसत्या पायांनी गार्ड राखायला सांगितलं. समोरच्यानंही कापड धरायचं नाही, नुसतं चालून पास करायला बघायचं. पहिले दोन दिवस त्याचा चेहरा बघवत नव्हता. पाच-सहा दिवसांनी मात्र त्याचा तळपाय समोरच्याच्या कमरेच्या हाडावर आपोआप जायला लागला. समोरचा डावीकडं सरकला की पैलवानाची कंबरही तिकडं वळायची. गुडघा छातीकडं ओढून नडगी आडवी घालायचा. पायानं माणूस लांब ठेवता येतो आणि जवळही ओढता येतो, हे त्याच्या अंगाला पहिल्यांदा कळलं. मला विचाराल तर या तीन आठवड्यांत त्याची ग्रिप सुधारली, बोट न लावता.

हात परत आले तेव्हा 58 किलोच्या त्या मुलीला मी त्याची जोडीदार केलं. ती ब्लू बेल्ट आहे, तिच्याकडं ताकदीनं आवळण्याची सोयच नाही, म्हणून तिची पकड बघण्यासारखी आहे. मी सगळ्यांना गोल बसवून तिचा हात जवळून दाखवला. बाहीच्या टोकाचं कापड ती चार बोटांनी गोळा करते, मनगट थोडं आत वळवते, कापडाला पीळ बसतो आणि ढिलेपणा संपतो. बोटं आकड्यासारखी वळलेली, अंगठा नुसता बाजूला पडलेला. बाहीच्या आत बोटं घालत नाही, ते नियमात बसतही नाही. आणि तळपाय समोरच्याच्या दंडावर. तिनं पाय रेटला की बाही ताणली जाते. ओढायचं काम मांडी करते, बोटांनी फक्त अडकून राहायचं.

"दादा, आता सोडवा बघू," ती म्हणाली.

पैलवानानं कंबर मागं नेली. तिचा पाय त्याच्याबरोबर लांबला, कापडाचा ताण तेवढाच राहिला. त्यानं दोन्ही हात लावून जोर केला. तिनं स्वतःच बाही सोडली. पैलवान स्वतःच्याच जोरानं मागं झुकला, दोन्ही हात छातीशी अडकलेले, टेकायला हात नाही. तोवर तिच्या एका हातात त्याची टाच होती, दुसऱ्यात कॉलर. तो बसला, ती वर आली.

"ताई, तुमी सोडलं का मी सोडवलं?" त्यानं खाली बसल्या बसल्या विचारलं.

"मी सोडलं. तुम्ही दोन्ही हात माझ्या एका हाताला लावलेत, म्हणजे बाकी सगळं मोकळंच की."

हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपली पकड झटक्यानं तुटली तर हात मागं फेकला जातो, कोपर उघडतो, आणि परत जागेवर यायला जो अर्धा सेकंद लागतो त्यात गार्ड जातो. तीच पकड आपण होऊन सोडली तर हात जिथल्या तिथं असतो, पुढची जागा धरायला तयार. समोरचा पकड तोडायच्या तयारीत आहे हे कापडातून हाताला कळतं: कंबर मागं जाते, दुसरा हात येतो, कापड एकदम ताठ होतं. सोडायचं ते तेव्हा. फक्त सोडण्याआधी दोन्ही पाय आणि दुसरा हात जागेवर हवेत.

यावरून आम्ही एक सराव बसवला. वर्गात त्याला आता "तीन जागा" म्हणतात. दोन हात, दोन पाय, चार जागा. कोणत्याही क्षणी तीन तरी समोरच्याला लागलेल्या असाव्यात. जोडीदारानं सावकाश एकेक पकड तोडत जायचं, खालच्यानं ती तुटायच्या आधी सोडून दुसरी धरायची: बाही सोडली तर कॉलर, कॉलर सोडली तर कोपराजवळचं कापड, ते गेलं तर टाच. आवळायचं फक्त दोन वेळा, स्वतः ओढताना किंवा समोरचा झटका देतो तेव्हा. मधल्या वेळात बोटं नुसती अडकलेली. मी बाजूला उभा राहून "मूठ!" असं ओरडायचो, की त्यानं बोटं सैल करून दाखवायची. सुरुवातीला राउंडमध्ये पंधरा-वीस वेळा ओरडावं लागायचं.

समोरच्यानं पँट धरली तर काय, हे शिकवायला वेळच लागला नाही. "खडाखडीत मानेवरचा हात राहू देतोस का?" एवढंच विचारलं. त्या दिवसापासून गुडघ्याजवळ हात पडला की तो आधी त्या हाताची बाही धरतो आणि पाय सरळ झटकून कापड सोडवतो, बाकीचं मग.

दस्तीचंही तसंच झालं. बाही एका हातानं आडवी ओढायची, दुसऱ्या हातानं दंडाच्या मागून धरायचं आणि त्याच्या पाठीमागं जायचं, हा डाव आमच्याकडं आर्म ड्रॅग म्हणून शिकवतात. मी तो दाखवायला लागलो तर पैलवान म्हणाला, "ही तर बसून केलेली दस्ती." त्यानंतर तो डाव मी त्याला शिकवला नाही, त्यानं आम्हाला शिकवला.

डिसेंबरातली स्पर्धा

डिसेंबरात आम्ही पुण्याला एका स्पर्धेत गेलो. व्हाइट बेल्टची लढत 5 मिनिटांची. पहिल्या लढतीत मी मुद्दाम त्याला खाली बसून गार्ड घ्यायला सांगितलं होतं, आणि त्यानं ऐकलं, याचंच मला मोठं कौतुक. खाली बसण्याआधी उजव्या हातात कॉलर, डाव्या हातात समोरच्याच्या उजव्या बाहीचं टोक. बसताक्षणी डावा पाय दंडावर, उजवा कमरेवर. चौथ्या मिनिटाला समोरच्यानं दोन्ही हातांनी कॉलरवरची पकड तोडायला घेतली. पैलवानानं कॉलर सोडली, टाच धरली, 2 गुण. तेवढ्यावर लढत जिंकली. बाहेर आल्यावर त्यानं दोन्ही पंजे उघडझाप करून दाखवले. हात भरले नव्हते.

दुसरी लढत हरला, पासच्या 3 गुणांवर, आणि इथं मला स्पष्ट लिहायला हवं. शेवटच्या मिनिटात तो दमला होता, समोरचा त्याच्यापेक्षा जड आणि शांत होता. बाही सोडायची वेळ झाली होती, मी बाहेरून ओरडतही होतो. तो धरून राहिला. कोपर सुटले, हात डोक्यामागं गेला, जूनमधलाच व्हिडिओ पुन्हा चालू झाल्यासारखं वाटलं. एक गोष्ट मात्र वेगळी होती. पास झाल्यावर तो पालथा झाला नाही. खांदे मॅटला टेकलेले असताना कूस बदलून गुडघा आत घालायचा प्रयत्न शेवटच्या शिट्टीपर्यंत करत राहिला. गुण गेले, पाठ दिली नाही. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाही सोडायची कळत हुती, सर. बोटांनी ऐकलं न्हाई."

दमल्यावर बोटं जुन्या सवयीकडं जातात, हे अजून सुटलेलं नाही. म्हणून जानेवारीपासून "तीन जागा" आम्ही वर्गाच्या सुरुवातीला घेत नाही, शेवटी घेतो. आधी शंभर बैठका आणि दोन पूर्ण राउंड, मग दमलेल्या हातांनी तोच सराव, जोडीदार जड. अनामिकेला तो अजून टेप लावतो आणि टॉवेलवर लोंबकळणं पूर्ण बंद आहे. "मूठ!" म्हणून मला अजून ओरडावं लागतं, गेल्या गुरुवारच्या शेवटच्या राउंडमध्ये चार वेळा.